थोराड सांबर बसायला कसं जातं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतात. रात्रभर चरून आलेला मोठा नर दिवसा बसायला कुठे जातो आणि तिथवर पोचतो कसा? उत्तरं बघणाऱ्यांसाठी आणि फोटो काढणाऱ्यांसाठी आहेत. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरणाची शिकार हा गुन्हा आहे, मालकी रानातसुद्धा. चांदोली, कोयना किंवा सागरेश्वरच्या हद्दीत वाट सोडून आत शिरायचं नाही, हेही गृहीत धरलंय.

पाटण खोऱ्यातून एक वाचक विचारतात: आमच्या डोंगरातल्या मालकी रानात सांबराच्या मोठ्या नराचा माग पहाटे ओढ्यापासून वर चढतो. पण वरच्या करवंदीच्या जाळ्यांच्या अलीकडे, सत्तर-ऐंशी पावलांवर, तो मळलेली वाट सोडून आडवा जातो. पुढे माग लागतच नाही. आमचं काय चुकतंय?

तुमचं काही चुकलेलं नाही. वाट नरानंच सोडली. माद्या, पाडसं आणि कोवळे नर त्या वाटेनं सरळ जाळीत शिरतात. थोराड नर शेवटची शंभरेक पावलं नाकानं चालतो.

आता त्या जागी उभं राहून बघा. जाळी समोर वर आहे आणि वारा, समजा, उजवीकडून डावीकडे वाहतोय. नर जाळीच्या खालून, एकाच उंचीवरून, आडवा डावीकडे निघतो. बसायच्या जागेच्या पुढे तीस-चाळीस पावलं निघून जातो, थांबतो आणि मान वर करतो. तिथं त्या जाळीवरून आलेला सगळा वारा त्याच्या नाकाशी येतो. आत बिबट्या असो, रानकुत्री असोत की काल कुणी माणूस हिंडून गेलेला असो, त्याला ते आत पाऊल न टाकता कळतं. काहीच नाही असं पटलं की मग तो वळतो आणि वाऱ्याच्या तोंडावर चालत आत जातो. वरून पाहिलं तर त्याची वाट कोयत्याच्या पात्यासारखी दिसते, आधी सरळ आणि टोकाला वळलेली. तुम्हाला फक्त मूठ सापडली आहे. आडव्या वळणानंतर वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा जिकडे जातोय तिकडे, चाळीस-पन्नास पावलं शोधा, पाचोळा दबलेला दिसेल. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे शिकारी या वळणाला इंग्रजी जे अक्षराचं नाव देतात. जनावर वेगळं असलं तरी नाकाचा हिशोब तोच.

तो पहाटेच का येतो, हेही समजून घ्या. सूर्य उगवण्याआधी डोंगरावरची गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकत असते. नर वर चढत असतो आणि वरचा वास त्याच्या तोंडावर खाली येत असतो. वाट चढणीची, वास उतरणीचा. उन्हानं उतार तापला की, म्हणजे ऊन पडल्यावर तास-दीड तासानं, तीच हवा वर चढायला लागते. आता तो जागेवर बसून खालच्या रानाचा वास घेतो. पहारा बदलतो, जागा बदलावी लागत नाही.

म्हणूनच ही जागा बहुतेक वेळा डोंगराच्या माथ्यावर नसते आणि तळाशीही नसते. उताराचे तीन भाग केले तर वरच्या भागात, धारेच्या थोडं खाली, वाऱ्याच्या आडोशाच्या अंगाला ती असते. धारेवरून येणारा वारा पाठीमागचं सांगतो, चढती हवा खालचं सांगते, आणि डोळे आपण आलो त्या वाटेवर. मार्च ते मे दुपारी आपल्याकडे पश्चिमेचा वारा जोरात येतो, तेव्हा धारेचं पूर्वेकडचं अंग बघा. हिवाळ्यात पूर्वेकडचं वारं असलं की हिशोब उलटतो. एकच जागा बारा महिने धरून बसणारे लोक इथंच फसतात.

एक इशारा. जागा सापडली की तिथं जाऊन बसून बघण्याचा मोह होतो. तो टाळा. माणसाचा वास पाचोळ्यावर आणि फांद्यांवर रेंगाळतो. दोनदा असा वास लागला की जुना नर ती जागा सोडतो, आणि तशी आडोशाची जागा त्याला सहज मिळत नाही. आपल्या पाच मिनिटांच्या उत्सुकतेची किंमत ते जनावर मोजतं.

शिराळ्याहून: वाऱ्याची दिशा मोबाइलवर बघितली तर चालेल का?

चालणार नाही. मोबाइल सांगतो तो मोकळ्यावरचा वारा. घळीत, सोंडेच्या पोटाशी, दाट कारवीत तोच वारा वळसे घेतो, कधी उलटाही फिरतो.

उन्हाळ्यात रुईची बोंडं फुटतात किंवा सावरीचा कापूस उडतो, तो थोडा डबीत भरून ठेवा. एक तंतू सोडायचा आणि दिसेनासा होईपर्यंत त्याच्यावर नजर ठेवायची. राखेची चिमूट पहिल्या हातभराचं सांगते, कापूस पन्नास-साठ फुटांचं सांगतो. गंमत तिथंच कळते: तुमच्यापाशी डावीकडे गेलेला तंतू झाडाच्या पलीकडे गेल्यावर सरळ वर उचलला जातो किंवा घळीत ओढला जातो. तुमचा वासही त्याच वाटेनं जाणार. बसण्याआधी एकदा, ऊन पडल्यावर एकदा आणि मग दर अर्ध्या तासानं एक तंतू सोडा. वारा पूर्ण पडलेला असेल तर त्या दिवशी बसू नका. पडलेल्या वाऱ्यात वास तुमच्याभोवती साचतो आणि पहिल्या झुळकीबरोबर कुठल्याही दिशेला सुटतो.

विट्याहून एक छायाचित्रकार: लपण कुठे करावं? दोनदा बसलो, दोन्ही वेळा “ढांक” असा आवाज आला आणि काहीच दिसलं नाही.

तो आवाज म्हणजे तुम्ही सापडलात. सांबर शेपटी ताठ करतं, पुढचा पाय आपटतं आणि तो आवाज काढतं. बहुधा तुम्ही खालून, ओढ्याच्या बाजूनं गेलात आणि ऊन आल्यावरही तिथंच बसून राहिलात. नऊ-साडेनऊनंतर तुमचा वास उतारावरून सरळ वर गेला.

बसायच्या जागेपासून किमान शंभर मीटर दूर, तिच्याच उंचीवर, वाऱ्याला आडवं बसा. वारा तुमच्याकडून जागेकडेही नको आणि नर ज्या बाजूनं वळसा घालतो त्या बाजूकडेही नको. दुसरी अट बहुतेकजण विसरतात. जागेच्या वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसलं की माणसाला वाटतं आपण सुरक्षित. पण नर वळसा तिथूनच घालतो, तुमच्या अंगावरूनच येतो. त्या वळणाच्याही बाहेर, अजून लांब, बाजूला सरका.

जानेवारीत सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. तुम्ही साडेपाचपर्यंत बसलेले असायला हवं, कारण जुना नर उजेड फुटण्याआधी किंवा फुटता फुटता येतो. रान मालकीचं असलं तरी अंधारात एकटं जाऊ नका. गवा आणि अस्वल दोन्ही या पट्ट्यात आहेत. संध्याकाळी बसत असाल तर जागेच्या वर बसू नका. मावळतीच्या थोडं आधी हवा खाली उतरायला लागते आणि तुमचा वास तिच्याबरोबर. निघतानाही नर उठून चरायला गेल्यावरच निघा, नाहीतर येण्याची सगळी खबरदारी जाताना वाया जाते.

कपड्यांबद्दल दोन गोष्टी. हरणाला लाल-नारिंगी रंग नीट वेगळे दिसत नाहीत, निळा मात्र ठळक दिसतो. तेव्हा जीन्स घरी ठेवा. पांढरेपणाची चमक देणाऱ्या पावडरीनं कपडे धुऊ नका, पहाटेच्या अंधुक उजेडात ती चमक हरणाच्या डोळ्याला जाणवते. साध्या पाण्यात खळबळून बाहेर वाळवलेले मळखाऊ कपडे पुरतात. अत्तर, ओडोमॉस, विडी, तंबाखू काही नको.

ट्रॅप कॅमेरा (जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा) लावायचा असेल तर फक्त स्वतःच्या रानात. वनहद्दीत परवानगी लागते. कॅमेरा बसायच्या जागेवर नको, तिच्यापासून दीडशे मीटर खाली, चढत्या वाटेवर, जमिनीपासून साधारण तीन फुटांवर, वाटेला तिरका. पांढरा फ्लॅश बंद ठेवा. तीन आठवड्यांतून एकदाच कार्ड काढा. रोज जाऊन बघणारा माणूस स्वतःच्याच वासाची वाट मळत असतो.

कोरेगावहून: जाळीतली जागा मोठ्या नराचीच, हे कशावरून?

दबलेला पाचोळा साडेतीन-चार फूट लांब, लंबगोल आणि एकटाच असेल तर नराची शक्यता जास्त. माद्या-पाडसांच्या जागा दोन-तीन जवळजवळ असतात, त्यातली एक लहान. येण्याच्या वाटेवर खोडं बघा. चिखलात लोळून आलेला नर अंग घासतो, आणि वाळलेल्या चिखलाचा लेप तुमच्या बरगडीच्या उंचीला लागलेला असतो. साल सोललेली असेल तर तिथं हात लावू नका, नुसतं वाकून बघा: शिंगाच्या घासण्यानं सालीचे धागे दोन्ही टोकांना विंचरल्यासारखे निघालेले असतात.

देवराष्ट्र्याजवळून एक शेतकरी: सागरेश्वरातून निसटलेला एक मोठा नर आमच्या उसात दिवसा बसतो. तोडीच्या वेळी काय करावं?

ऊस म्हणजे त्याला गारवा, आडोसा आणि पाणी एकत्र. तो तिथंही वाऱ्याच्या खालच्या बांधावरून आत शिरतो, तोच कोयता. बांधावर त्याचा खूर साधारण सात सेंटिमीटर लांब दिसेल.

तोड गावाच्या बाजूनं सुरू करा आणि डोंगराकडची बाजू पूर्ण मोकळी ठेवा. तिकडे माणूस नको, बैलगाडी नको, ट्रॅक्टर नको. चारही बाजूंनी तोडत आत गेलात तर शेवटच्या चार-पाच गुंठ्यांत तो कोंडला जातो, आणि दोनशे किलोंच्या वरचं जनावर घाबरून माणसांतूनच बाहेर पडतं. तोडकऱ्यांची पोरं त्या दिवशी फडात नकोत, कुत्री बांधून ठेवा. फड पेटवू नका. आदल्या दिवशी वनविभागाला कळवा, १९२६ हा त्यांचा मदतक्रमांक आहे. पिकाचं नुकसान झालं असेल तर फोटो काढा, लगेच अर्ज द्या आणि पंचनाम्याआधी तो भाग तोडू नका.

कराडहून: भाचा ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ असतो आणि परवाना काढून सांबराची शिकार करतो. आपलं सांबर तिकडे कसं? आणि हे नियम तिकडे चालतात का?

व्हिक्टोरिया राज्यात १८६०च्या दशकात सांबर नेऊन सोडलं गेलं, आज तिथल्या डोंगरांत ते भरपूर आहे आणि पायी माग काढून शिकार वर्षभर चालते. शस्त्राचा आणि शिकारीचा असे दोन्ही परवाने लागतात, रात्री बंदी आहे. सांबरासाठी किमान .२७० कॅलिबर (नळीचा व्यास, इंचात) आणि १३० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेआठ ग्रॅमची, गोळी असा नियम आहे, कारण हलक्या गोळीनं एवढं जनावर जखमी होऊन मैलोगणती जातं.

वाऱ्याचा हिशोब तोच, उन्हाचा मात्र उलटा. आपल्याकडे हिवाळ्यात ऊन दक्षिण उतारावर जास्त पडतं, तिकडे जून-ऑगस्टमध्ये उत्तर उतारावर. गारठलेल्या सकाळी जुना नर उत्तरेकडच्या सोंडेवर ऊन खात बसतो. भाच्याला सांगा, त्याच सोंडेवर चढू नये. समोरच्या सोंडेवर बसून पहिला तासभर नुसती दुर्बीण फिरवावी, अख्खं जनावर न शोधता कानाची हालचाल आणि शिंगाचा तुकडा शोधावा. दिसल्यावरही सरळ चालून जाऊ नये. नराचे डोळे स्वतःच्या मागावर असतात, तेव्हा बाजूनं, त्याच्या उंचीवर किंवा थोडं वरून, वारा गालावर घेत जावं. हवा वर चढायला लागली की वरून गेलेलं बरं, लवकर सकाळी मात्र वरून जाणं म्हणजे वास त्याच्या अंगावर ओतणं.

औंधहून: चितळालाही हे सगळं लागू होतं का?

फारसं नाही. चितळ कळपात बसतं, बऱ्याचदा विरळ झाडीत, आणि नाकाइतकाच भरवसा दुसऱ्यांच्या डोळ्यांवर ठेवतं. कळपातला मोठा नर माद्यांच्या मागं जातो, एकटा वळसा घालत नाही. भेकर मात्र एकटं असतं आणि जाळीत शिरण्याआधी थांबून वास घेतं. तुमच्याकडे बांधावर भेकर दिसत असेल तर वाऱ्याचा सराव तिथं करा, कापसाची डबी घेऊन.