गोणीचं तोंड आणि निळा दोरा

प्रश्न : आमची लातूरला छोटी डाळ मिल आहे, जोडीला बेसनही करतो. आजवर बेसन प्लॅस्टिकच्या विणलेल्या कट्ट्यात, 30 किलोच्या मापात जात होतं. दळण झालं की लगेच भरतो. आता कागदी गोणी करायचा विचार आहे. दुकानदारांच्या दोन तक्रारी आहेत. कट्टा उघडायला सुरी लागते आणि बेसनात दोऱ्याचे, कट्ट्याच्या तंतूंचे तुकडे सापडतात. रत्नागिरीच्या एका व्यापाऱ्याने तर पावसाळ्यात गाठी धरल्या म्हणून अर्धा माल परत पाठवला. स्वच्छ राहील आणि हाताने उघडेल अशी गोणी कशी करावी?
— एक मिलमालक, लातूर

उत्तर : आमचं चिपळूणला किराणा दुकान होतं. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तागाचं पोतं कधी कापलेलं मला आठवत नाही. फळीच्या कडेला खोचलेली दाभण काढायचे, टोकाची गाठ सैल करायचे आणि शिवणीची अख्खी सुतळी सरसर ओढून घ्यायचे. ती गुंडाळून गल्ल्याशेजारच्या खुंटीला. हा काही टापटिपीचा सोस नव्हता. रिकामं बारदान विकलं जायचं आणि भोक पडलेल्या बारदानाचा भाव उतरायचा. म्हणून सुरीला मनाई. कट्ट्याला तशी किंमत राहिली नाही, तेव्हा दुकानात ब्लेड आलं आणि त्याच्यामागून तुमच्या बेसनात तंतू आले. दुकानदार आडमुठे आहेत असं समजू नका. न कापण्यात आता त्यांचा काही फायदाच उरलेला नाही, एवढंच.

कागदी गोण्यांच्या कारखान्यात मी 27 वर्षं काढली. तिथे ‘सहज उघडणारी गोणी’ करायचा पहिला मान मला मिळाला आणि पहिली फजितीही माझीच झाली. तोंडावर शिवणीखाली लाल पट्टी बसवली होती. टोक धरून ओढलं की गोणी एका रेषेत फाटायची. कारखान्यात साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याने डोंबिवलीतल्या एका दुकानात बघायला गेले, तर गोणी उघडलेली, पण तळाकडून! लाल पट्टी खाली जमिनीवर, जशीच्या तशी. दुकानदार शांतपणे म्हणाला, “बाई, थप्पीत जी बाजू हाताशी येते ती आम्ही उघडतो. तोंड कुठलं आणि बूड कुठलं ते आम्हाला कोण सांगणार?” त्यानंतर मी एकही गोणी दुकानात जाऊन दोन तास बसल्याशिवाय आखली नाही. तुम्हीही आधी तेच करा. लातुरात एक दिवस, रत्नागिरीत एक दिवस.

बसलात की एक गोष्ट दिसेल. गोणी उघडायला एक मिनिट लागतं, पण त्यानंतर ती आठ-दहा दिवस उघड्या तोंडाने दुकानात बसते. सुपली आत जाते, बाहेर येते, रात्री वर एखादी पाटी ठेवली जाते. म्हणजे गोणी हाच दुकानदाराचा डबा. आखणी त्या आठ-दहा दिवसांची करायची आहे.

आधी उघडण्याचं बघू. गोणीची बाहेरची बाजू ट्रकच्या फळ्यांवर, हमालाच्या पाठीवर, दुकानाच्या ओट्यावर फिरून आलेली असते. तिच्यावरची धूळ आणि शिवणीचा दोरा, दोन्ही बेसनापासून लांब राहिले पाहिजेत. त्यासाठी उघडण्याच्या दोन पायऱ्या करा, एक मळकी आणि एक स्वच्छ. आत पातळ प्लॅस्टिकची सुटी पिशवी, तिचं तोंड पिळून बांधलेलं. बाहेर कागद, आणि त्याची शिवण त्या गाठीच्या चांगली चार बोटं वर. दोरा ओढला, कागदाचं तोंड उघडलं, वरची धूळ फडक्याने पुसली, हात धुतले, मग आतली गाठ सोडली. दोऱ्याचा तुकडा पडलाच तर तो पिशवीच्या बाहेर पडेल.

आणि दोरा निळा घ्या. पांढरा दोरा मैद्यात दिसत नाही, पिवळसर दोरा बेसनात दिसत नाही. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात कामगारांच्या बोटाला निळी पट्टी लावतात ती याच कारणाने. निळ्या रंगाचं खाणं जवळजवळ नसतंच, त्यामुळे तुकडा पडला तरी डोळ्याला टोचतो. या बदलाला खर्च जवळपास काही नाही, आणि तरी मी ज्यांना ज्यांना सुचवलं त्यांतल्या निम्म्यांनी “आमच्या ब्रँडचा रंग भगवा आहे” म्हणून तो केला नाही.

फाडायची पट्टी हवी की दोरा ओढायचा? तुमच्यासारख्या छोट्या मिलला मी दोराच सांगेन. कारण कागदाच्या धाटणीत आहे. घरचं वर्तमानपत्र घ्या. एका दिशेने फाडलं तर सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं जातं. मशीनवर कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एका दिशेला लागतात, त्याचा हा परिणाम. गोणीत ही सरळ दिशा उभी, म्हणजे तोंडाकडून तळाकडे असते. तोंड मात्र आडवं उघडायचं असतं. म्हणून नुसतं ‘येथे फाडा’ छापून भागत नाही, फाटत फाटत ते थेट पोटात उतरतं. आडवं सरळ फाटायला खाली मजबूत पट्टी चिकटवावी लागते, आणि ते काम गोणी बनवणाऱ्याच्या मशीनवर व्हावं लागतं. शिवण नीट असेल तर दोरा तेच काम फुकटात करतो. कुठल्या टोकाकडून ओढायचा ते खालच्या प्रश्नात सांगितलं आहे. तुम्ही फक्त त्या टोकाशी एक ठसठशीत बाण छापा, आणि तळावर मोठ्या अक्षरात ‘हे बूड’. माझ्या डोंबिवलीच्या दुकानदाराची आठवण म्हणून.

शिवणीला एक खोट आहे. सुईचं प्रत्येक भोक म्हणजे पोरकिड्याला दार. शिवणीवरून क्रेप कागदाची, म्हणजे बारीक सुरकुत्यांच्या कागदाची, पट्टी दुमडून घ्या आणि तिच्यासकट शिवा, पीठ गळणं आणि किडा शिरणं दोन्ही बरंच कमी होतं. तोंड गरम गोंदाने चिकटवून बंद करण्याची पद्धत याहून सरस आहे, एकही भोक नाही, पण तिची मशीन महाग. धंदा वाढला की बघा. तळ मात्र कारखान्यातून चिकटवूनच घ्या. दोन्हीकडे शिवण कशाला?

आता ते आठ-दहा दिवस. दुकानदार गोणीचं तोंड बाहेरच्या बाजूला गुंडाळतात, बेसन खाली गेलं की आणखी गुंडाळतात. ही सवय फार चांगली आहे. गुंडाळीत बाहेरची मळकी बाजू आत दडते आणि सुपली धरणाऱ्या हाताला कागदाची आतली, स्वच्छ बाजू लागते. तुमच्या गोणीने या सवयीला मदत करायची. भरल्यावर वर निदान एक वीत कागद मोकळा राहू द्या. त्यावर दोन-तीन आडव्या दुमडीच्या खुणा कारखान्यातच दाबून घ्या. आतली पिशवीही तेवढीच लांब हवी, म्हणजे दोन्ही मिळून गुंडाळता येतात आणि रात्री उलगडून वर घडी घालता येते. कागदाचे पदर दोनच ठेवा, सुरुवातीला प्रत्येकी 80 ग्रॅमचा (चौरस मीटरला) सॅक क्राफ्ट, म्हणजे गोण्यांसाठीचा चिवट कागद, घेऊन बघा. कोणी चार पदरांची ‘मजबूत’ गोणी विकायला आलं तर तिचं तोंड गुंडाळून दाखवायला सांगा. पत्रा गुंडाळावा तसं होतं, हात सोडला की उलगडतं. कुशांना घडी असलेली गोणी घ्या, चौकोनी उभी राहते. उशीसारखी सपाट गोणी निम्मी रिकामी झाली की कलंडते आणि बेसन ओट्यावर.

कागद लांब तंतूंचा, कोऱ्या लगद्याचा हवा. खोक्यांसाठी आपल्याकडे मिळणारा तपकिरी कागद बहुतेक रद्दीपासून केलेला असतो. त्याचे तंतू आखूड, तो धक्का झेलत नाही, आणि आधीच्या छपाईतलं काय काय त्यात उतरलेलं असतं ते वेगळंच. 2018 च्या खाद्य वेष्टनाच्या नियमांनुसार छापील बाजू अन्नाला लागता कामा नये, शाई आयएस 15495 या भारतीय मानकाप्रमाणे हवी, आणि अन्न बांधायला वर्तमानपत्र तर चालतच नाही. शाईवाल्याकडून तसं लेखी घेऊन ठेवा.

रत्नागिरीच्या गाठींचं खापर मी गोणीवर फोडणार नाही. तुम्ही लिहिलं आहे की दळण झालं की लगेच भरतो. गरम बेसन बंद पिशवीत गेलं की त्यातली वाफ रात्री गार होऊन पिशवीच्या आतून घामासारखी डवरते. लातूरच्या कोरड्या हवेत बाहेरून काही कळत नाही, चार दिवसांनी कोकणात तोंड उघडलं की गाठी! बेसन पूर्ण गार करून भरा. दुसरं, कोकणात जूनपासून कागद स्वतःच ओल धरतो आणि मऊ पडतो, म्हणून तिकडच्या दुकानदाराला गोणी फळीवर ठेवायला सांगा, फरशीवर आणि भिंतीला टेकून नको. आतली पिशवी याच ओलीसाठी आहे. पण बांधण्याआधी तिच्यातली हवा दाबून काढा. हवा कोंडली तर गोणी पडताच फुग्यासारखी फुटते.

30 किलोचा हट्ट कशाला? 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पिठावर 5 टक्के जीएसटी आला आणि पाठोपाठ बाजारात 26 आणि 30 किलोची मापं दिसायला लागली, ते मला ठाऊक आहे. तो हिशेब तुमचा आणि तुमच्या सीएचा. पण दुपारी दुकानावर एकटी बसलेली बाई 30 किलोची गोणी फळीवर चढवू शकत नाही, ती गोणी फरशीवरच ठेवणार, आणि मग फरशीची ओल आलीच.

छपाईची मोठी ऑर्डर देण्याआधी 10 गोण्या भरा आणि ट्रकच्या फाळक्याच्या उंचीवरून, साधारण 4 फुटांवरून टाका. एकदा आडवी, एकदा कुशीवर, एकदा बुडावर. रीतसर अहवाल हवा असेल तर अंधेरीला भारतीय पॅकेजिंग संस्था आहे, 1966 पासूनची. पण आधी अंगणात टाका. स्वस्त पडतं आणि डोळ्यांना दिसतं.

प्रश्न : पिठाच्या पिशवीची शिवण कधी एका झटक्यात निघते, कधी काही केल्या निघत नाही. माझा नवरा म्हणतो नशीब लागतं. खरं काय?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : नशीब नाही, टोक लागतं. ही साखळी शिवण असते. प्रत्येक फास पुढच्या फासाने अडवलेला, त्यामुळे शिवण जिथे संपली त्या टोकाकडूनच ती उसवते. सुरुवातीच्या टोकाकडून ओढाल तर उलट आवळत जाते. पिशवी निरखून बघा. एका बाजूला साधे, सुटे टाके दिसतील, दुसऱ्या बाजूला वेणीसारखे फास. साधी बाजू स्वतःकडे करा आणि उजव्या टोकाची शेपटी पिशवीलगत कात्रीने कापा. मग पहिले दोन-तीन टाके नखाने सैल करा आणि दोरा ओढा. दोन दोरे असतील तर दोन्ही एकदम सुटतात. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक पिशव्या उजवीकडूनच उघडल्या. हट्टी निघाली तर डावीकडून बघा, शिवताना पिशवी उलटी धरली गेली असेल. सुरी घेऊ नका.

नवऱ्याला आत्ताच सांगू नका. आधी त्याच्यासमोर दोन पिशव्या उघडून दाखवा.

प्रश्न : मी नववीत आहे. प्लॅस्टिकबंदीवर प्रकल्प करते आहे. वाण्याकडची कागदी पिशवी झटकली की आपोआप उभी राहते. हे कोणी शोधलं?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : सपाट, चौकोनी तळाची पिशवी आपोआप दुमडून चिकटवणारं यंत्र अमेरिकेत मार्गारेट नाइट या कारखान्यात काम करणाऱ्या बाईने केलं. तिच्या यंत्राचा नमुना तयार होत असताना चार्ल्स ॲनन नावाच्या माणसाने तो पाहिला आणि स्वतःच्या नावाने पेटंट मागितलं. ती कोर्टात गेली, आपली रेखाटनं आणि नमुने पुढे ठेवले आणि जिंकली. पेटंट तिला 1871 मध्ये मिळालं. कुशांना घडी असलेली आणि झटकली की उघडणारी पिशवी चार्ल्स स्टिलवेलच्या यंत्राने 1883 मध्ये आणली. तू विचारतेस ती ही दुसरी. आपल्या राज्यातल्या प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना 23 मार्च 2018 ची आहे, तारीख प्रकल्पात लिही.

आणि चित्र चिकटवण्याऐवजी एक खरी पिशवी घे. तळाचा गोंद वाफेवर धरून मऊ कर, घड्या एकेक उलगड आणि प्रत्येक घडीवर पेन्सिलीने क्रमांक टाक. मग तीच पिशवी त्या क्रमांकांनी उलटी दुमडून पुन्हा उभी करून बघ. आमच्या कारखान्यात नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच काम द्यायचे. मला तीन पिशव्या फाडाव्या लागल्या होत्या.