जुन्या सरकारी इमारतीच्या दुरुस्तीशी राजकीय बदलाची तुलना खरंच जुळते का?

जुळते, पण रंगापाशी नाही, गिलाव्यापाशी. मी सोलापुरात जुन्या बांधकामांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून गवंड्याच्या बाजूनं सांगतो.

एका जुन्या कचेरीची भिंत पाहायला गेलो होतो. काळा दगड, चुन्यातलं बांधकाम. आधीच्या ठेकेदारानं त्यावर सिमेंटचा गिलावा करून पिवळा रंग दिलेला. दोन पावसाळ्यांत कमरेच्या उंचीपर्यंत पोपडे सुटले. बोटानं टोकरलं की आतला चुना भुसभुशीत होऊन हातावर यायचा, दगडावर पांढरा क्षार फुटलेला. चुना भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती कोंडून ठेवतं. आम्ही आधी गच्चीवरची तुंबलेली पन्हळं मोकळी केली, सिमेंट उतरवलं, भिंत उघडीच वाळू दिली. तेवढे महिने येणारा-जाणारा विचारायचा, काम बंद पडलं का? नवं सरकार आलं की मीही हेच बघतो: पन्हळाला हात घातला, की थेट ब्रश उचलला?

पण दिसणारं सगळंच वरवरचं असतं असं मात्र समजू नका. ६ एप्रिल १९३० ला सोलापूर नगरपालिकेवर तिरंगा चढला, तेव्हा इमारत तीच होती आणि राज्यही इंग्रजांचंच. पुढच्याच महिन्यात शहरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. १२ जानेवारी १९३१ ला सोलापूरचे स्वातंत्र्यसैनिक मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले. त्या झेंड्याला रंगरंगोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तुलना तुटते ती एका ठिकाणी. आम्हाला इमारत रिकामी करून मिळते, राज्यकारभार कुणी रिकामा करून देत नाही. माणसं आत राहत असताना, टेकू लावून, एकेक खांब बदलावा लागतो. २०११ मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के जागा दिल्या, तो मला असा खांब वाटतो. कितीतरी जुन्या कचेऱ्यांच्या मूळ नकाशात बायकांसाठी स्वच्छतागृहच नसायचं. मी स्वतः दोन ठिकाणी जिन्याखालची अडगळ उपसून ते बांधलंय. दर्शनी भिंतीचा एक दगडही हलवावा लागला नाही.