अमेरिकेची व्यावसायिक कुस्तीगीर शार्लट फ्लेअर हिचा ‘फिगर एट’ हा डाव नेमका कसा लागतो? तो खरोखर दुखतो, की नुसता अभिनय असतो?

दुखतो. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो हे मला मान्य आहे, पण निकाल ठरलेला असला म्हणून गुडघा लाकडाचा होत नाही.

उताण्या पडलेल्या प्रतिस्पर्धी स्त्रीचा एक पाय मोडून दुसऱ्यावर आडवा टाकायचा आणि मागे पडत आपल्या पायाने तिच्या घोट्याला कुलूप लावायचे, इथपर्यंत तो ‘फिगर फोर’. शार्लटचे वडील, कुस्तीगीर रिक फ्लेअर, इथेच थांबत. तिने पुढे हात डोक्यामागे टेकवून कंबर उचलण्याची, म्हणजे ब्रिजची भर घातली, तो ‘फिगर एट’.

एप्रिल २०१६ मध्ये ‘रेसलमेनिया ३२’ला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या कुस्ती कंपनीच्या वार्षिक सोहळ्यात, तिने याच डावावर बेकी लिंचला हार मानायला लावून महिलांचा नवा किताब जिंकला. त्याच वर्षी मे महिन्यात माझा आतेभाऊ सोलापुरात आमच्याकडे राहायला आला होता. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळी होते आणि दोन वर्षे रोज पहाटे तालमीत जात होते. दुपारच्या उन्हात कोणी बाहेर पडत नव्हते, शेजारचे यंत्रमाग खडखडत होते, आणि दादा म्हणाला की बायकांची कुस्ती म्हणजे निव्वळ नाटक. मी फरशीवर दोन चादरी अंथरल्या.

साधा फिगर फोर लागला तेव्हा तो आरामात बोलत होता, कारण पडल्या पडल्या फक्त पायांचा जोर लागतो. कंबर उचलल्याबरोबर मांड्या, पाठ आणि अंगाचे सगळे वजन त्या कुलपावर आले आणि त्याचे बोलणे थांबले. त्याने पालथे होण्याची धडपड केली, कारण पालथे झाल्यास ताण डाव लावणाऱ्यावर उलटतो. परंतु माझी कंबर वर असल्याने त्याला मला सोबत फिरवता येईना.

संध्याकाळी तो लंगडत होता. आत्याने विचारल्यावर त्याने सांगितले की तो बेसावध असताना मी त्याचा पाय पिरगाळला. आठवड्याभरात माझी तालीम बंद झाली. त्याच ऑगस्टमध्ये साक्षी मलिकने रिओ ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, तेव्हा आमच्याच घरात पेढे वाटले गेले. मी त्यातला एकही खाल्ला नाही.

त्यामुळे हा सगळा अभिनय असतो, असे तुम्हाला कोणी सांगत असेल, तर त्याने हा डाव स्वतःच्या पायावर कधी सोसला आहे का, एवढेच त्याला विचारा. मात्र घरी करून पाहू नका. रिंगणात डाव लावणारी स्त्री ताण किती द्यायचा हे शिकलेली असते, आणि नवशिक्याच्या हातून गुडघ्याचे स्नायुबंध दुखावू शकतात. मीही तेव्हा ते करायला नको होते.

पण दादा बेसावध नव्हता. पाय त्याने स्वतः पुढे केले होते आणि हार मानत चादरीवर हात तीन वेळा आपटला होता.