उलाढाल, उत्पन्न की महसूल? रंगकामाचा धंदा मोजताना

जुळे सोलापुरातील एका वाचक भगिनीने पाठवलेली शंका अशी आहे. तिच्या वडिलांचा घरे आणि इमारती रंगवण्याचा ठेका आहे. त्या धंद्याचे मराठी माहितीपत्रक ती तयार करत असून, धंदा केवढा आहे हे वाचणाऱ्याला एका ओळीत कळावे म्हणून तिने ‘वार्षिक उत्पन्न ४२ लाख रुपये’ असे लिहिले. वडिलांनी ते वाचले आणि म्हणाले, ‘एवढं उत्पन्न कुठलं आलं? ही तर कामाची रक्कम आहे.’ भावाने ‘महसूल’ सुचवला, कारण कंपन्यांच्या बातम्यांत तो शब्द रोज दिसतो. यांतला नेमका शब्द कोणता, आणि त्या आकड्याने धंद्याचा आकार खरोखरच कळतो का, असे तिचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर सरळ आहे. वडिलांची हरकत रास्त आहे, आणि हवा असलेला शब्द ‘उलाढाल’ हा आहे. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल, कारण शब्द बरोबर निवडला तरी त्याच्या पोटात काय घातले आहे हे न सांगता आकडा लिहिला, तर तो रंगकामाच्या धंद्यात हमखास दिशाभूल करतो.

‘उत्पन्न’ म्हणजे मुळात ‘उपजलेले’. शेतात जे पिकले ते शेताचे उत्पन्न, आणि तिथून हा शब्द माणसाच्या कमाईकडे आला. आज मराठी माणसाच्या कानाला ‘उत्पन्न’ म्हटले की घरात आलेला, कुटुंबाच्या हक्काचा पैसा ऐकू येतो. तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला याच अर्थाने मागितला जातो, आणि नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्रासाठी असलेली ८ लाखांची मर्यादाही उत्पन्नाचीच असते, धंद्यातून फिरलेल्या रकमेची नव्हे. म्हणून ४२ लाखांची कामे करणाऱ्या माणसाने ‘वार्षिक उत्पन्न ४२ लाख’ असे छापले, तर दुकानदाराचे, मजुरांचे आणि टेम्पोवाल्याचे पैसेही त्याने आपल्याच नावावर लिहून घेतल्यासारखे होते. ‘ढोबळ उत्पन्न’ असे लिहून ही अडचण सुटते, असे काही जण सुचवतात. हिशेबाच्या परिभाषेत ते चुकीचे नाही, पण ‘ढोबळ’ या शब्दाला बोलण्यात ‘अंदाजे’ हा अर्थ इतका चिकटलेला आहे, की वाचणाऱ्याला आकडाच कच्चा वाटू लागतो.

‘महसूल’ अरबीतून आला आणि त्याच्याही मुळाशी ‘हाती आलेले, वसूल झालेले’ हीच कल्पना आहे. परंतु मराठीत त्याने सरकारी घर धरले ते कायमचे. महसूल खाते, महसूल मंत्री, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, या सगळ्यांत महसूल म्हणजे राज्याने रयतेकडून घेतलेला पैसा. मोठ्या कंपन्यांच्या बातम्यांत तो आता रुळला आहे आणि तिथे त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. होटगी रस्त्यावरचा बंगला रंगवून देणाऱ्या ठेकेदाराच्या माहितीपत्रकात मात्र तो परका दिसतो. शिवाय एक व्यावहारिक अडचण आहे. महाराष्ट्रात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपते. ‘वार्षिक महसूल’ हे शब्द वाचून एखाद्या जुन्या माणसाच्या मनात ते वर्ष आले, तर दोष त्याचा नाही.

आणखी एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. दुकानातल्या पैशाच्या पेटीला आणि दिवसभराच्या जमेला आपण ज्याला ‘गल्ला’ म्हणतो, तो शब्दही अरबीतल्या धान्याच्या, पिकाच्या शब्दापासून आलेला आहे. बाजार समितीत कांद्याची होते ती ‘आवक’ हीसुद्धा मालाच्या आगमनाची भाषा. उत्पन्न, महसूल, गल्ला, आवक हे चारही शब्द पैसा किंवा माल कोणाच्या तरी दारात येऊन थांबल्याचे सांगतात. ‘मिळकत’ तर थांबून इतकी घट्ट झाली, की आज तिचा पहिला अर्थ घर-जमीन असा होतो आणि महानगरपालिका तिच्यावर मिळकतकर आकारते.

‘उलाढाल’ या शब्दाची जात वेगळी आहे. त्यात थांबणे नाही, हलवणे आहे. खालचे वर, वरचे खाली, या हातातून त्या हातात, असा भाव त्यात आहे. ‘राजकीय उलाढाली’ म्हणताना आपण तोच भाव वापरतो, आणि खटपटी माणसाला ‘उलाढाल्या’ म्हणतानाही. त्यामुळे काही वडीलधाऱ्यांना हा शब्द किंचित संशयास्पद वाटतो, याची मला कल्पना आहे. परंतु धंद्याच्या संदर्भात तो डाग केव्हाच पुसला गेला आहे. ‘मागील तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल’ अशी अट निविदांच्या मराठी सूचनांत सरसकट असते, आणि ती वाचताना कोणालाही कट-कारस्थान आठवत नाही. वर्षभरात धंद्यातून किती रकमेचे काम फिरले एवढेच हा शब्द सांगतो आणि त्यातले किती उरले याबद्दल तो गप्प राहतो. तो गप्प राहतो म्हणूनच आकार सांगायला योग्य आहे.

सोलापुरात राहणाऱ्याला इथे कन्नडचा एक शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. कन्नड वर्तमानपत्रांत वार्षिक उलाढालीला ‘वार्षिक वहिवाटु’ म्हणतात. हा आपल्या ‘वहिवाट’ शब्दाचाच भाऊ आहे. मराठीत वहिवाट वाटेच्या हक्कापुरती आणि सातबाऱ्याच्या भांडणापुरती उरली, पण जुन्या मराठीत ‘दुकानाची वहिवाट पाहणे’ म्हणजे त्याचा सगळा कारभार चालवणे असाही प्रयोग होता. एका भाषेत जमिनीला चिकटलेला शब्द शेजारच्या भाषेत बाजारात फिरतो आहे, आणि आपल्या गावात दोन्ही अर्थ एकाच गल्लीत ऐकू येतात. मला हे फार मोलाचे वाटते.

आता ठेकेदार स्वतः काय म्हणतात ते पाहू. माझ्या शेजारी रंगकामाचा ठेका घेणारे एक गृहस्थ राहतात. त्यांच्या तोंडी मी ‘उलाढाल’ क्वचितच ऐकला आहे आणि ‘टर्नओव्हर’ फक्त बँकेच्या कामापुरता. ते म्हणतात, ‘यंदा चाळीसच्या वर काम झालं.’ ‘काम’ हाच त्यांचा शब्द. त्यांची वही मी पाहिली आहे. लांबट, लाल पुठ्ठ्याची, कडांना पुट्टीचे पांढरे बोट लागलेली. डाव्या पानावर कोणाच्या घराचे काम, किती ब्रास आणि काय दर. उजव्या पानावर माणसांची हजेरी आणि ज्याने त्याने घेतलेली उचल. ब्रास म्हणजे इथे शंभर चौरस फूट. वाळू-खडीचा ब्रास शंभर घनफुटांचा असतो, तो हा नव्हे. कामाच्या तपशिलात ‘पुट्टी २ हात, प्रायमर १ हात, रंग २ हात’ असे लिहिलेले असते. रंगाच्या थराला ‘हात’ म्हणणे ही या धंद्याने मराठीला दिलेली फार नेमकी देणगी आहे, कारण दर ठरतो तो हातांवर, आणि ‘तिसरा हात मारावा लागला’ या चार शब्दांत एखाद्या कामातला सगळा नफा कसा गेला हे कळते.

त्याच वहीत दराच्या शेजारी एक अक्षर असते, ‘म’ किंवा ‘मा’. ‘म’ म्हणजे मजुरीवर, ‘मा’ म्हणजे मालासकट. वाचक भगिनीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या एका अक्षरात आहे.

समजा, ४० ब्रास म्हणजे ४,००० चौरस फूट भिंत रंगवायची आहे. आकडे केवळ हिशेब कळावा म्हणून घेतो. मजुरीचा दर चौरस फुटाला १२ रुपये धरला, तर काम ४८,००० रुपयांचे झाले. रंग, पुट्टी, प्रायमर घरमालकाने आणून दिले. चार माणसे आठ दिवस लागली आणि हजेरी, म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी, ९०० रुपये धरली, तर मजुरीत २८,८०० रुपये गेले आणि ठेकेदाराकडे १९,२०० रुपये उरले. आता तेच घर, तीच माणसे, तेवढेच दिवस, पण काम मालासकट २६ रुपये दराने घेतले. कामाची रक्कम १,०४,००० रुपये झाली. मालाला चौरस फुटाला १४ रुपये, म्हणजे ५६,००० रुपये गेले आणि मजुरीत तेच २८,८००. उरले पुन्हा १९,२०० रुपये. मालावर दुकानदाराकडून थोडी सूट मिळाली तर त्यात भर पडते, पण मुद्दा तोच राहतो. एकाची उलाढाल ४८ हजार, दुसऱ्याची लाखाच्या वर, आणि दोघांचा धंदा मात्र अगदी सारखा.

म्हणून रंगकामात ‘उलाढाल ४२ लाख’ एवढेच वाक्य अपुरे आहे. मजुरीवर ४२ लाखांचे काम करणाऱ्याच्या हाताखाली माणसांची मोठी फौज असली पाहिजे, तर मालासकट ४२ लाख करणारा त्याच्या निम्म्या माणसांत ते करू शकतो. दोन ठेकेदारांची तुलना करायची असेल तर दोघांच्या उलाढालीतून मालाची रक्कम वजा करून मगच आकडे शेजारी ठेवावेत. जाणती माणसे नाही तरी आकार माणसांवरूनच सांगतात. ‘त्यांच्याकडे वीस हजेरी असते’ हे वाक्य ऐकणाऱ्याला उलाढालीच्या आकड्याइतकेच, किंबहुना थोडे अधिकच, सांगून जाते.

उलाढालीत काय धरू नये, हेही थोडक्यात सांगतो. बिलावर आकारलेला वस्तू व सेवा कर ठेकेदाराचा नाही, तो सरकारचा. वरच्या १,०४,००० रुपयांच्या बिलावर १८ टक्के कर लावला तर हाती १,२२,७२० रुपये येतील, पण उलाढाल १,०४,००० रुपयेच राहील. काम सुरू होण्याआधी मिळालेली आगाऊ रक्कम ही अजून केलेल्या कामाची रक्कम नव्हे. उलट, एखाद्या कंपनीने मुळातून कर कापून किंवा अनामत रोखून कमी पैसे दिले, तरी काम पूर्ण रकमेचे धरावे. यासाठीच ‘बँकेत जमा झालेले ते सगळे’ ही व्याख्या चालत नाही, आणि ‘जमा’ हा शब्द ‘उलाढाल’च्या जागी ठेवता येत नाही.

वर्ष कोणते, तेही लिहावे. कराच्या हिशेबात १ एप्रिल ते ३१ मार्च हेच वर्ष धरतात. तरीही अनेक रंगकामवाले मनातल्या मनात दिवाळी ते दिवाळी मोजतात, कारण गणपतीपासून लक्ष्मीपूजनापर्यंतच्या आठवड्यांत घरांच्या कामांची एकच झुंबड उडते. दिवाळी तिथीप्रमाणे मागेपुढे सरकते, त्यामुळे ‘दिवाळीचे वर्ष’ आणि आर्थिक वर्ष यांचे आकडे जुळतीलच असे नाही.

‘उलाढाल’ हे आकाराचे माप सरकारनेही स्वीकारले आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निकषांनुसार गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर तो उपक्रम ‘सूक्ष्म’ ठरतो. त्याआधी उलाढालीची ही मर्यादा ५ कोटी होती. या मापाने ४२ लाखांचा धंदा सूक्ष्म आहे, आणि चार-पाच कोटींचाही सूक्ष्मच आहे. सेवा पुरवणाऱ्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी सर्वसाधारणपणे २० लाखांच्या उलाढालीनंतर करावी लागते, ती रेघ मात्र या धंद्याने ओलांडलेली आहे. प्राप्तिकर अधिनियम, १९६१च्या कलम ४४ एडीमध्ये लहान धंद्यांसाठी उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या ६ टक्के, एवढा नफा गृहीत धरण्याची सोय केलेली होती. उलाढाल आणि उत्पन्न या दोन आकड्यांतले अंतर किती मोठे असते, हे वडिलांनी अनुभवाने सांगितले आणि कायद्याने टक्क्यांत लिहिले.

एक शेवटचा शब्द, तिने विचारलेला नसला तरी. तिने मसुद्यात वडिलांना ‘रंगारी’ म्हटले आहे. इतरत्र ते चालले असते. सोलापुरात मात्र चादरी आणि टॉवेलांच्या धंद्यामुळे ‘रंगारी’ म्हटले की सूत रंगवणारा डोळ्यांसमोर येण्याचा संभव अधिक आहे. ‘रंगकाम ठेकेदार’ लिहावे. ‘कंत्राटदार’ही चुकीचा नाही, तो पोर्तुगीजांकडून आला आणि मराठीचाच झाला, पण वडील स्वतः ‘ठेका’ म्हणतात, म्हणून तोच ठेवणे मला योग्य वाटते.

तिच्या माहितीपत्रकातली ओळ मी अशी लिहीन, आकडे आणि शब्द वडिलांकडून तपासून घ्यावेत: ‘इमारतींचे अंतर्बाह्य रंगकाम; आर्थिक वर्षातील उलाढाल ४२ लाख रुपये, कर वगळून; बहुतेक कामे मालासकट; नियमित कारागीर १२.’