शांतिसेना यशस्वी की अपयशी? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांचे स्वतःचे सैन्य असते का?

उत्तर : नाही. सैनिक सदस्य देश देतात, खर्च सर्वांच्या वर्गणीतून होतो.

प्रश्न : ‘संयुक्त राष्ट्रांनी कुठेच शांतता आणली नाही’ असा मेसेज फिरतोय. खरे आहे का?

उत्तर : पाठवणाऱ्याला नामिबिया विचारा. तिथे १९८९ च्या निवडणुका संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली झाल्या, मार्च १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि मोहीम परतली. काम आटोपून वेळेत घरी गेलेल्या मोहिमेचे फॉरवर्ड कोणी करत नाही.

प्रश्न : रवांडा आणि बोस्नियातले स्रेब्रेनित्सा इथल्या हत्याकांडांत शांतिसैनिक बघत राहिले. मग शांतिसेना अपयशीच ना?

उत्तर : अपयश खरेच, पण ते कोणाच्या खात्यावर मांडायचे? हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि विचारणाऱ्याने मोहीम ठरवणारा सुरक्षा परिषदेचा मूळ ठराव क्वचितच उघडलेला असतो. आधी तीन गोष्टी पाहा : काम काय सोपवले, माणसे किती दिली, ती कधी पोहोचली.

बोस्नियातल्या युद्धात नागरिकांसाठी जाहीर केलेली ‘सुरक्षित क्षेत्रे’ राखायला महासचिवांनी १९९३ मध्ये सुमारे ३४,००० सैनिकांची गरज सांगितली. सुरक्षा परिषदेने ७,६०० च्या स्वस्त पर्यायावर भागवले. त्यांतलेच एक, स्रेब्रेनित्सा, जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब फौजेच्या हाती पडले. रवांडात सुमारे अडीच हजार सैनिक होते. दहा बेल्जियन सैनिक मारले गेल्यावर बेल्जियमने तुकडी काढून घेतली आणि हत्याकांड सुरू असतानाच, २१ एप्रिल १९९४ ला, परिषदेने संख्या २७० वर आणायचे ठरवले. मे महिन्यात ५,५०० मंजूर झाले, पण हत्याकांड संपेपर्यंत त्यांतले फारच थोडे पोहोचले. घर जळून गेल्यावर बंबाला मंजुरी मिळण्यातला हा प्रकार.

आता पश्चिम आफ्रिकेतला सिएरा लिओन पाहा. मे २००० मध्ये बंडखोरांनी सुमारे ५०० शांतिसैनिक ओलीस धरले, मोहीम बुडालीच असे सगळे म्हणत होते. मग संख्या १७,५०० पर्यंत वाढवली, २००२ च्या सुरुवातीला निःशस्त्रीकरण पूर्ण झाले. ब्रिटिश फौजेचा हातभार होता, तोही हिशेबात धरा. तेव्हा निकाल देण्याआधी ठराव वाचा. कलमे कळली नाहीत तर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांना विचारा.

प्रश्न : क्लासच्या नोट्समध्ये ‘यशाची दहा, अपयशाची दहा कारणे’ आहेत. पाठ करू का?

उत्तर : नको. तीच यादी दरवर्षी नव्या मुखपृष्ठासह विकली जाते. दोन मोहिमा नीट अभ्यासा आणि उत्तर शिक्षकांकडून तपासून घ्या.

प्रश्न : सायप्रसमध्ये १९६४ पासून शांतिसेना आहे. हे यश की अपयश?

उत्तर : १९७४ चे तुर्की आक्रमण ती रोखू शकली नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंमधल्या, शांतिसेनेच्या देखरेखीखालच्या पट्ट्यात मोठे युद्ध पुन्हा पेटलेले नाही, पण राजकीय तोडगाही निघालेला नाही. दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवा, एकच गुण देऊ नका.

प्रश्न : सार्क ही दक्षिण आशियाई देशांची संघटना अपयशी का ठरली?

उत्तर : सनदेचे दहावे कलम वाचा : निर्णय एकमताने, द्विपक्षीय वाद चर्चेबाहेर. शेवटची शिखर परिषद २०१४ ची, काठमांडूतली. जे काम तिला दिलेच नाही त्याबद्दल तिला नापास करू नका. दिलेले व्यापाराचे काम रखडले, त्याबद्दल जरूर धरा.

प्रश्न : शांतिसेनेत नोकरीसाठी एजंट भाच्याकडे नोंदणी फी मागतो आहे. भरावी का?

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाहीत. सैनिक आणि पोलीस तुकड्या सरकारमार्फत जातात, नागरी पदांच्या जाहिराती अधिकृत संकेतस्थळावर असतात. पैसे गेले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा आणि सायबर पोलिसांना भेटा. उशीर झाला की रक्कम गोठवणे अवघड होते.