जंगलात पायी फिरताना सोबत ठेवायला हलका कॅमेरा कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की एक-दोन दिवसांच्या रानवाटा चालता, डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आता जड वाटतो, फोनवर मन भरत नाही, म्हणून ‘सगळ्यात हलका पण चांगला’ कॅमेरा हवा आहे. माझं मत आधीच सांगते. वजनाचा आकडा नंतर बघा. सॅक न उतरवता कॅमेरा हातात येतो का आणि झाडीतल्या अपुऱ्या उजेडात तो तग धरतो का, हे दोन प्रश्न आधी सोडवा.

मी बरीच वर्षं डीएसएलआर आणि दोन लेन्स सॅकमध्ये घालून चालले. सगळं मिळून दोन किलोंच्या वर जायचं. खांदे दुखायचे, पण खरा तोटा वेगळाच होता. एकदा चढावर, वाटेत आडव्या पडलेल्या ओंडक्यावर शेवाळातून नखाएवढी नारिंगी भूछत्रं वर आलेली दिसली. एकाच्या टोपीच्या कडेला पाण्याचा थेंब लोंबत होता आणि त्यात मागची झाडं उलटी दिसत होती. फोटो काढायचा तर सॅक उतरवा, चेन उघडा, लेन्स बदला. सोबतचे पुढे गेले होते. परतताना काढू म्हणत मी निघाले, आणि परतेपर्यंत थेंब गळून गेला होता. त्यानंतर मी सॅकच्या आत कॅमेरा ठेवणं बंद केलं. आता तो कमरेच्या पट्ट्यावरच्या खिशात असतो, नाहीतर खांद्याच्या पट्ट्याला क्लिपने अडकवलेला.

आता उजेडाबद्दल. दाट झाडीखाली ढगाळ दिवशी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला दाद देण्याची क्षमता) ८०० आणि एफ (लेन्सचं तोंड; आकडा लहान तितका उजेड जास्त) २.८ ठेवूनही शटर १/३० सेकंदापर्यंत उतरतं, म्हणजे तेवढा वेळ उघडं राहतं आणि हललेलं चित्र पुसट येतं. स्टॅबिलायझेशन आपल्या हाताची थरथर सावरतं, वाऱ्यावर डुलणारा नेचा थांबवत नाही. म्हणून मोठा सेन्सर (कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चिप) आणि जास्त उजेड आत घेणारी लेन्स, या दोन गोष्टी जंगलात लांब झूमपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडतात. छोट्या पॉइंट अँड शूटमध्ये असतो त्या १/२.३ इंची सेन्सरच्या साधारण चौपट क्षेत्रफळ ‘१ इंची’ सेन्सरचं असतं. (नावात इंच असला तरी तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी असतो.) मायक्रो फोर थर्ड्‌स हा सेन्सर १ इंचीच्या जवळपास दुप्पट, आणि एपीएस-सी नावाचा सेन्सर त्याहून मोठा.

म्हणून सोनीच्या खिशात मावणाऱ्या, १ इंची सेन्सरच्या आरएक्स१०० मालिकेत मी नव्यापेक्षा जुनं मॉडेल सुचवेन. २०१४ च्या तिसऱ्या मॉडेलची लेन्स २४-७० मिमी (आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं), एफ १.८ ते २.८. २०१९ च्या सातव्या मॉडेलची २४-२०० मिमी, पण एफ २.८ ते ४.५. म्हणजे रुंद टोकाला (२४ मिमीला) जुनी लेन्स जवळपास अडीचपट उजेड आत घेते. दोन्हींचं वजन ३०० ग्रॅमच्या आसपास, दोन्हींत वर उचलला जाणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी). झाडीबाहेर, उघड्या माळावर चालणार असाल तर मात्र सातवंच बरं.

चित्राचा दर्जा सगळ्यात महत्त्वाचा असेल तर रिको जीआर थ्री. २५७ ग्रॅम, एपीएस-सी सेन्सर, २८ मिमीच्या तोडीची एफ २.८ लेन्स, आणि मॅक्रो (अगदी जवळून फोटो घेण्याच्या) मोडमध्ये ६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. एका हाताने खिशातून काढून लगेच फोटो घेता येतो, ही त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. पण झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, पावसापासून संरक्षण नाही, आणि एका बॅटरीत २०० च्या आसपासच फोटो निघतात. दोन जादा बॅटऱ्या ठेवाव्याच लागतात.

ओढे ओलांडत, पावसात भिजत चालत असाल तर ओएम सिस्टमचा टफ टीजी-७ बघा. १५ मीटर खोल पाण्यात चालतो, २.१ मीटरवरून पडलेला सोसतो, आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये १ सेंटिमीटरवरून किडे, शेवाळ, बुरशी टिपतो. सेन्सर लहान, त्यामुळे अंधाऱ्या झाडीत चित्र खरखरीत येतं. तरीही ओल्या हातांनी बेधडक वापरता येणारा कॅमेरा जास्त वेळा बाहेर निघतो, हे मी पाहिलंय.

थोडं जास्त वजन चालणार असेल तर ओएम सिस्टमचाच, लेन्स बदलता येणारा ओएम-५ आणि १२-४५ मिमी एफ ४ लेन्स, मिळून सुमारे ६७० ग्रॅम. दोन्ही पाऊस-धुळीला तोंड देणारे. पुढे वाटलं तर १८५ ग्रॅमची ६० मिमी मॅक्रो लेन्स जोडता येते. पक्ष्यांसाठी मात्र यातलं काहीच पुरणार नाही. त्याला लांब लेन्स लागते आणि मग ‘हलका’ हा शब्द सोडावा लागतो.

फोनबद्दल एकच सांगते. उजेड असेल तेव्हा तो छान फोटो देतो. पण रानात तोच तुमचा नकाशा आणि अडचणीत मदत मागायचं साधन असतो. फोटो काढत त्याची बॅटरी संपवू नका. कॅमेरा वेगळा ठेवण्यामागे माझं हेही एक मोठं कारण आहे.

थंडीत बॅटऱ्या अंगालगतच्या खिशात ठेवा. गारव्यातून उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला, नाहीतर लेन्सवर आणि आतही दव धरतं.

शेवटी, विकत घेण्याआधी एक करून बघा. छोट्या बाटलीत ३०० मिली पाणी भरा, म्हणजे साधारण ३०० ग्रॅम, ती खांद्याच्या पट्ट्याला अडकवा आणि दिवसभर चाला. पुढच्या वेळी ६७० मिली. दुपारपर्यंत बाटलीचा विसर पडला तर तेवढं वजन तुम्हाला झेपतं. चढावर सारखी छातीवर आपटत राहिली तर खिशात मावणाराच घ्या.