ऑनलाइन तासाला सातवीच्या मुलांकडून गटात गणित कसं सोडवून घ्यावं?

चार-चार मुलांचे गट करा आणि एकाच गणिताची माहिती चौघांत वाटून द्या, म्हणजे एकमेकांशी बोलल्याशिवाय ते सुटणारच नाही. मी सांगलीत सातवीला असंच घेते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, हे एकाला ठाऊक. धोका पातळी 45 फूट, हे दुसरीला. समजा पाणी तासाला 4 इंच चढतंय, हे तिसऱ्याला. सकाळी 6 ला इशारा पातळी गाठली, हे चौथीला. मग धोका पातळी किती वाजता? पूर पाहिलेली मुलं ही, लगेच जीव लावून बसतात. एक गट फूट-इंचांत अडकला, तेव्हा एरवी गप्प असणारी मुलगीच म्हणाली, "अरे, आधी 60 इंच कर ना!" उत्तर रात्री 9.

झूमवर ब्रेकआउट रूम, म्हणजे प्रत्येक गटाला वेगळं बोलायच्या खोल्या, फुकट खात्यावरही मिळतात, पण मीटिंग 40 मिनिटांत बंद होते, म्हणून गटाला 12 मिनिटंच द्या. ज्याचा आकडा त्याला आधीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. मात्र नवा घटक असा शिकवायला घेऊ नका. ही पद्धत शिकवून झालेल्याच्या सरावालाच चालते.